बिननेढ्याची सुई

“ओव बघू,” मी म्हणाले आणि सुईदोरा रुखसारच्या हातात दिला. “तुझी नजर बघते.”

रुखसार नदाफनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, एक डोळा मिटला आणि सुई ओवून मला परत दिली. “शाबास,” मी म्हटलं आणि पुढच्या मुलीकडे वळले. त्या तासाला मी अशा सहा जणींची नजर बघितली. ओवलेल्या सहा सुया माझ्या टाचणीच्या उशीत जमा झाल्या आणि दिवसाची बेगमी झाली.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आटपाडीला महिला मंडळाच्या एका खोलीत मी तेव्हा सव्वीस वर्षं शिवण आणि भरतकामाचा वर्ग चालवत होते. आम्ही आडनावानं पोरे, जातीचे शिंपी. माहेरी काय नि सासरी काय, सुईशिवाय आमच्यात कुणाचं पान हललं नाही. खोलीच्या दारावर मी स्वतः मजकूर सांगून रंगवून घेतलेली पाटी होती: ‘शिवण व भरतकाम वर्ग. प्रवेशाची अट : सुई ओवता आली पाहिजे.’ लोकांना त्या अटीची गंमत वाटे. मला वाटत नसे. जिला सुई ओवायचा धीर नाही तिच्या हातून टाका काय पडणार, असं माझं म्हणणं. दारात सुई हातात द्यायची, ओवली तर आत, नाही तर परत. पिकल्या केसांच्या कितीतरी बायका मी अशा परत पाठवल्या होत्या. एकीला तर म्हणाले होते, “नजर गेली असेल तर घरी बसून जपमाळ ओढा.” माझ्या जिभेला हाड नव्हतं, आजही फारसं नाही.

मग माझीच नजर गेली. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांचा पडदा मधोमध खराब झालाय, चष्म्यानं फरक पडायचा नाही. कडेचं दिसायचं, नेमकं मधलं पुसलं जायचं. समोर माणूस उभा राहिला की त्याचे दोन्ही कान दिसत, नाक दिसत नसे. आणि सुईचं नेढं तर नाकापेक्षा कितीतरी बारीक. सुई ओवायचं ते पत्र्याचं चिमुकलं यंत्र आणून बघितलं, पण ते घालायलाही आधी नेढं सापडावं लागतं.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. टाके सवयीनं पडत होते, मुलींच्या चुका बोटांना कळत होत्या. राहता राहिलं ओवणं, त्यासाठी ‘नजर बघते’ ही युक्ती काढली होती. दोन वर्षं बिनबोभाट चालली. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वर्ग गेला तर सकाळी उठून कुठं जायचं हे मला खरोखर माहीत नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी मंडळाची नवी सचिव कालिंदी देशमाने आली.

“बाई, पंधरा तारखेला मेळावा आहे. यंदा नुसती भाषणं नकोत. तुम्ही प्रात्यक्षिक द्या.”

“कसलं प्रात्यक्षिक?”

“कोरं कापड, नवी सुई आणि सगळ्यांसमोर एक फूल. दहा मिनिटांत.” मग ती जवळ सरकली. “खरं सांगू का? आपल्याकडे खोली एकच आहे. काही जणींचं म्हणणं, कॉम्प्युटरचं भरतकामाचं मशीन आणू, शिकवायला सांगलीहून मुलगी येईल. मी म्हटलं, आधी बाईंचा हात बघा, मग आपले हात वर करा.”

“म्हणजे तिथंच मत घेणार?”

“तिथंच. तुम्ही काय, डाव्या हातानं जिंकाल.”

“बरं. ओवलेल्या चार सुया घेऊन येते.”

“छे छे! ओवण्यापासून दाखवा की. तुमच्या पाटीवरच आहे ना ते!”

कालिंदी वाईट बाई नव्हती. आपण बाईंची बाजू घेतली या आनंदात ती स्कूटीवर बसून गेली. मी मात्र उरलेला सबंध दिवस आजारी असल्यासारखी बसून होते. बारा दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी कुरियर आलं, पुण्याहून, यास्मिनचं. यास्मिन ही रुखसारची थोरली बहीण, माझी जुनी विद्यार्थिनी. घरात पिढ्यान् पिढ्या कापूस पिंजण्याचा धंदा, आणि पोरीच्या बोटांत उपजत कला. खोक्यात रंगीत लोकरीचे पुंजके, फोमचा एक जाड ठोकळा, काचेच्या नळीत तीन लांब सुया आणि एक चिठ्ठी. ‘बाई, करून बघा. यास्मिन.’ अक्षरं जाड मार्करनं, बोटबोट उंच लिहिलेली. पोरीचं अक्षर सुधारलं म्हणून मी खूश झाले.

मी एक सुई घेतली आणि नखानं नेढं चाचपलं. लागेना. दुसरी घेतली, तिसरी घेतली. शेवटी फोन लावला.

“यास्मिन, तुझा दुकानदार चोर आहे. तिन्ही सुयांना नेढंच पाडलेलं नाही.”

“बाई, त्या सुईला नेढं नसतंच.”

“मग दोरा कुठं ओवायचा?”

“दोरा नाहीच.”

“नेढं नाही, दोरा नाही, मग ती सुई कसली? खिळा म्हण.”

ती हसली. “ऐका तर. लोकरीचा पुंजका फोमवर ठेवायचा आणि सुईनं टोचायचा. सुईच्या अंगाला बारीक खाचा असतात. त्या वरचे केस आत ओढतात, केसात केस गुंततो. टोचत राहिलं की गोळा घट्ट होतो. मग त्याचा पक्षी करा, प्राणी करा, काय वाटेल ते.”

“नुसतं टोचायचं?”

“नुसतं टोचायचं.”

“मग मला जमेल. चाळीस वर्षं लोकांना टोचूनच बोलतेय.”

पण नाही जमलं. पाचव्या-सहाव्या टोच्यालाच सुई कट् करून मोडली. कारण मला कळलं होतं, फक्त हाताला कळत नव्हतं. भरतकाम करणारीची सुई आत गेली की मनगट आपोआप वळतं, कारण तिला पलीकडून वर काढायची असते. ही सुई सरळ आत जायची, सरळ बाहेर यायची. वळवली की संपली. दुसऱ्या दिवशी दुसरी मोडली. त्या दिवशी मी माझ्याच मनगटाला शिव्या दिल्या. आता एकच सुई उरली होती, आणि नवी यायला आठवडा लागला असता.

त्या शेवटच्या सुईनं मी जीव मुठीत धरून टोचत बसले. डाव्या हाताच्या तर्जनीतून तीनदा रक्त काढलं. लोकरीचा गोळा झाला, त्याला मी चार पाय टोचले. कोकरू करायचं मनात होतं. झाला बटाटा. त्यातही उभा केला की आडवा होणारा बटाटा. वर रंगीत लोकर संपली.

लोकरीसाठी आटपाडीच्या माणसानं काळजी करायची म्हणजे समुद्रकाठच्यानं मीठ शोधायचं. गावाबाहेर हौसाबाई विरकरचा मेंढवाडा होता. गेले तेव्हा कातरणी नुकतीच झाली होती आणि काळ्या लोकरीचा ढीग कुंपणाला लागून पडला होता.

“लोकर व्हय? न्ह्या की वाटंल तेवढी,” हौसाबाई म्हणाली. माझ्याच वयाची, उन्हानं रापलेली, बोलायला खणखणीत. “आता घोंगडी कोन इणतंय? वाऱ्यावर उडून जाती सगळी.”

मी बोचकंभर लोकर घरी आणली. कढत पाणी, साबणाची वडी, आणि पातळ धुवावं तशी खसाखसा चोळली. वाळवायला पसरायला गेले तर पसरेना. सगळीचा मिळून पायपुसण्यासारखा एकच तुकडा झाला होता. सकाळी तो घेऊन पुन्हा मेंढवाड्यावर गेले. हौसाबाईनं तो हातात घेतला आणि पदर तोंडाला लावून हसत खाली बसली.

“मास्तरीणबाई, चोळली व्हय? आवं, लोकर चोळत न्हाईत. कोमट पान्यात रिठं घालायचं, बुडवायची, उचलायची. चोळली की ती एकमेकीला धरती. येकदा धरल्यावर सोडत न्हाय.”

“म्हणजे तिला धरायचंच असतं?”

“लोकरीचा गुनच त्यो. तुमी निस्तं निमित्त.”

यास्मिननं फोनवर जे सांगितलं होतं ते मला तिथं, त्या पायपुसण्यापाशी कळलं. सुई काही करत नाही, सुई निमित्त. मी पिशवीतून बटाटा काढून तिला दाखवला.

“ह्ये काय?”

“कोकरू.”

तिनं तो खाली ठेवला. तो आडवा झाला. पुन्हा ठेवला, पुन्हा आडवा. “कोकरू म्हंता आन् उभं का ऱ्हाईना? जलमल्यावर घटकाभरात कोकरू उभं ऱ्हातंय. उभं ऱ्हायलं की समजायचं जगलं. न्हाय ऱ्हायलं तर आपलं न्हवं म्हनायचं.” एवढं बोलून तिनं वाड्यातलं एक काळं कोकरू उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. “घ्या. डोळं भरून बघून घ्या.”

डोळे भरून काय बघणार? मला मधोमध धूर आणि कडेला काळं काहीतरी, एवढंच दिसत होतं. मी हात फिरवला. पोट मऊ, पण पाय काठीसारखे टणक. गुडघ्याशी गाठ, खुराशी पुन्हा रुंद. मान आखूड. उजवा कान आख्खा, डाव्याचं टोक गायब.

“हा कान?”

“कुत्र्यानं तोडला. तवापासून त्याचं नावच कानतुटकं.” मग ती म्हणाली, “बाई, तुमाला दिसत न्हाय न्हवं?”

दोन वर्षांत कुणी मला हे तोंडावर विचारलं नव्हतं. मी “नाही” म्हटलं. ती एवढंच म्हणाली, “मग हातानं बघा. मेंढरं अंधारात आमीबी हातानंच वळखतो.”

घरी येऊन मी लोकर रिठ्यात बुडवली, उचलली, सावलीत वाळवली, बोटांनी पिंजली. आणि टोचायला बसताना डोळे मिटून घेतले. डोळे उघडे असले की मी मधला धूर भेदायला जात होते आणि त्या नादात मनगट वळत होतं. मिटल्यावर डाव्या हाताच्या बोटांना सगळं कळू लागलं. जिथं मऊ लागेल तिथं टोचायचं, टणक लागलं की पुढं सरकायचं. सुई आत जाताना करकर वाजते. गोळा घट्ट होत गेला की ती करकर बदलते. मला तो आवाज ऐकू यायला लागला. दिवसभरात तासन् तास मी तेवढंच करत होते, जेवणाची शुद्ध नव्हती. पाय मोडले, पुन्हा केले. शुक्रवारी दुपारी चौथा पाय बसला. कोकरू फरशीवर ठेवलं आणि हात काढून घेतला.

ते उभं राहिलं.

मी घरात एकटीच होते, तरी मोठ्यानं “अगं बाई!” म्हणून ओरडले.

रविवारी, पंधरा तारखेला, मंडळाचं सभागृह भरलं होतं. शंभरेक बायका, चहाचा वास, समोरच्या खुर्च्यांवर जाणती मंडळी. पहिल्याच खुर्चीत कालिंदीची सासू अक्काताई बसली होती. मागं दाराशी हौसाबाई. तिला मीच बोलावलं होतं. टेबलावर कालिंदीनं हौसेनं सगळं मांडलं होतं: रिंगीत ताणलेलं पांढरं कापड, लाल दोरा, नव्या सुयांची पुडी.

“आता पोरेबाई आपल्याला दहा मिनिटांत फूल भरून दाखवतील,” कालिंदी माइकवर म्हणाली. “अगदी सुई ओवण्यापासून!”

मी पुडीतली सुई काढली. हातात धरली. मग परत पुडीत ठेवली.

“ही सुई मला ओवता येत नाही,” मी म्हणाले. “दोन वर्षं झाली. डोळ्यांचा पडदा गेलाय. दारावरची अट मीच लिहिली, आणि आज त्या दारात कुणी मला सुई दिली तर मला परत जावं लागेल.”

शंभर बायका एका जागी आणि चिडीचूप. असं आटपाडीत पुन्हा झालेलं मला आठवत नाही. कालिंदीचा चेहरा मला दिसत नव्हता हे बरंच झालं.

मी पिशवीतून फोमचा ठोकळा काढला, काळ्या लोकरीचं धड काढलं, तीन पायांचं. चौथा पाय आणि डावा कान मी आदल्या दिवशी मुद्दाम उपटून ठेवला होता. आणि ती सुई काढली, तीनातली उरलेली एक.

“हिला नेढं नाही,” मी सुई उंच धरून म्हटलं, आणि डोळे मिटले.

पाय जागेवर धरला. सरळ आत, सरळ बाहेर. माइक टेबलावर आडवा पडला होता, त्यातून करकर सगळ्या सभागृहात जात होती. मधेच एकदा मनगट वळतंय असं वाटलं, तशी थांबले, श्वास घेतला, पुन्हा सरळ. बोटांना पाय टणक लागला. मग कान. आधी पुरा केला, मग टोक तोडलं.

“बाई,” कालिंदी हळूच म्हणाली. “पण हे आपल्या भरतकामात बसतं का?”

“नाही बसत,” मी म्हटलं. “उभं राहतं.”

आणि कोकरू टेबलावर ठेवून हात काढून घेतला.

मागून हौसाबाईची आरोळी आली, “आगं बया! ह्ये तर माझं कानतुटकं!”

मग जो हशा उठला, टाळ्या पडल्या, त्यात काय काय झालं मला सांगता येणार नाही. कोकरू हातोहात फिरत होतं. जिच्या हातात जाई ती आधी ते जवळच्या खुर्चीवर उभं करून बघे. सगळीकडे ते उभं राहिलं.

गलका ओसरला तशी अक्काताई काठी टेकत उठली.

“शिंधू,” ती मला म्हणाली, “आठ वर्सांमागं मी तुझ्या दारात आल्ते. तू हातात सुई दिलीस. मला ओवता आली न्हाय. तू म्हनलीस, जपमाळ ओडा.”

ती बाई म्हणजे अक्काताई होती, हे मी साफ विसरले होते. जमीन दुभंगावी असं मला झालं.

“चुकलं माझं, अक्काताई,” मी माइकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

“चुकलं ते चुकलं. माळ वडली मी, न्हाय आवडली,” अक्काताई म्हणाली. “मलाबी नेढं दिसत न्हाय. झंपराची बटनं तुटली तर सुनंला सांगायची लाज वाटती, म्हनून पिना लावून फिरते. ही बघा!” तिनं पदर सारून पिन दाखवली. कालिंदीनं कपाळावर हात मारला. “ती बिननेढ्याची सुई मला शिकव. आन् कालिंदे, हात वर करायचं म्हनत होतीस न्हवं? ह्यो माझा.”

हात वर झाला. मग दुसरा, तिसरा. मला वर उठलेले हात कडेकडेनं दिसत होते, मधले दिसत नव्हते. “किती?” मी कालिंदीला विचारलं. ती म्हणाली, “बाई, मोजायची गरज नाही.” आणि तिचाही हात वर होता, हे तिनं माझा हात धरून मला लावून दाखवलं.

संध्याकाळी यास्मिनचा फोन आला. रुखसारनं तिला सगळं आधीच कळवलं होतं.

“मेळाव्याचं तुला कुणी सांगितलं होतं?” मी विचारलं. “खोकं बरं वेळेवर धाडलंस.”

“रुखसारनं. बाईंना सगळ्यांसमोर सुई ओवायची आहे म्हणून ती रडत होती.”

“तिला काय माहीत?”

“बाई, तुम्ही रोज आमची नजर बघत होता. एकाच मुलीची आठवड्यातनं पाच वेळा. आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. वर्गात ठरलं होतं, बाईंनी सुई पुढं केली की कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही, ओवून द्यायची. नव्या मुलींना जुन्या सांगून जायच्या.”

दोन वर्षं. मी समजत होते की मी सगळ्यांना फसवतेय. मला राग यायला हवा होता, आला नाही. मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, “आगाऊ आहात सगळ्या.”

“तुमच्याच हाताखाली शिकलोय,” ती म्हणाली.

सोमवारी वर्गावर गेले तर दारात चपलांचे नऊ जोड होते आणि नऊ बायका बाहेरच उभ्या. अक्काताई सर्वांत पुढं. वय कुणाचंच साठीच्या आत नव्हतं. सव्वीस वर्षांची त्या दाराची दहशत, आत पाऊल टाकायचा धीर एकीलाही होत नव्हता. सगळ्या पाटीखाली थांबल्या होत्या.

मी रंगाऱ्याला बोलावून घेतलं. तो शिडी लावून वर चढला, डबा अडकवला आणि म्हणाला, “बाई, सगळी पुसू का?”

“नको. शेवटचा एकच शब्द पूस. त्या जागी मी सांगते ते लिही.”

त्यानं लिहिलं, खाली उतरला, मान तिरकी करून वाचलं आणि म्हणाला, “बाई, पण ही अट झाली का?”

“झाली,” मी म्हटलं.

पाटी अजून तशीच आहे. नवीन अक्षरं जुन्यापेक्षा जरा ठळक आहेत, माझ्यासारखीलाही कडेनं दिसतात: ‘प्रवेशाची अट : सुई ओवता आली नाही तरी या.’